कुंपणाबाहेरची जागा

मनामा, शुक्रवार, ९ फेब्रुवारी १९७९

तीर्थरूप आबांच्या पायाशी शिवदासचा दंडवत.

ही बातमी माझ्याआधी गावात पोचली, हे मला मालूच्या पत्रावरून कळलं. पलीकडच्या वाडीचा एक सुतार इथं अदलियाला बंगल्यांची दारं बसवतो. तो त्या दिवशी मैदानात होता. त्यानं घरी लिहिलं, घरच्यांनी पारावर सांगितलं, आणि पारावरून आपल्या ओट्यावर येईपर्यंत मी म्हणे झेंड्याकडे पाठ केली आणि पायातला बूट काढून फेकला. आबा, बूट माझ्या पायातच होते. नाड्यासुद्धा बांधलेल्या होत्या.

झालं ते एवढंच. प्रजासत्ताक दिनाला इथल्या आपल्या लोकांच्या क्लबात दरसाल बास्केटबॉलचा कप होतो. फायनलच्या आधी राष्ट्रगीताची रेकॉर्ड लावतात. ती लागली, सगळे उठले आणि मी बाकावर बसून राहिलो. मुद्दाम बसलो.

कारण ऐका. गुहागरकडचा विठ्ठल म्हणून एक गवंडी सनाबिसच्या कामावर परांचीवरून पडून गेला. त्याचं प्रेत इस्पितळाच्या बर्फात पडून होतं आणि कागदांवर सही करायला त्याचा कंत्राटदार कुणाला सापडत नव्हता. तो आपलाच, मुंबईकडचा माणूस. आणि क्लबाच्या कपाला प्रमुख पाहुणा कोण, तर तोच! गळ्यात हार घालून मांडवात बसला होता आणि क्लबाचा सेक्रेटरी शिरीष त्याला सरबत देत होता. अशा माणसासमोर उभं राहायचं नाही, असं मी ठरवलं. त्याच्यासमोर, झेंड्यासमोर नव्हे. पलटणीत तीस वर्षं काढलेल्या माणसाला हा फरक मी शिकवायला नको.

शिरीष पुण्याचा इंजिनिअर, शुद्ध बोलतो. म्हणाला, "शिवदासराव, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." क्लबानं मला काढून टाकलं. पण मला पगार देते ती कंपनीची टीम, तिला क्लबाशी काही देणंघेणं नाही. आमचा मॅनेजर ताहिर इथलाच, बहारीनचा. त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. "तुम मर्द आदमी. क्लब खलास. इधर मफी मुश्किल." म्हणजे इथं काही अडचण नाही. महिनाअखेर माझा करार आणखी एका वर्षाचा होईल. पस्तिशीच्या खेळाडूला कोण करार देतं, आबा? कुवेत आणि दोह्याच्या सामन्यांनाही नेणार आहेत. रस्त्यातली पोरं अजून मला 'तवील, तवील' म्हणून हाका मारतात. म्हणजे उंच.

मालूला सांगा, तुझ्या भावाचा पाय ठीक आहे. फोटोत मी लंगडतोय असं तिला वाटलं, ते फोटोवाल्यानं वाकडा फोटो काढल्यामुळे.

रागावून का होईना, उत्तर लिहा.

तुमचा,
शिवदास


मनामा, २० एप्रिल १९७९

आबांना दंडवत.

तुमचं उत्तर नाही. मालू लिहिते की तुम्ही माझं पत्र वाचलंत, घडी घातलीत आणि ट्रंकेत टाकलंत. ट्रंकेत पडलं म्हणजे फाडलं नाही, एवढ्यावर मी समाधान मानतो.

इथं एक चांगली गोष्ट घडली. माझ्या बसण्याची गोष्ट सनाबिसच्या मजुरांच्या कॅम्पात पोचली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कामाच्या गाड्या रिकाम्या गेल्या. विठ्ठल घरी जाईपर्यंत आम्ही चढणार नाही, असं सगळ्यांनी सांगितलं. सही करणारा हात लगेच सापडला. विठ्ठल विमानानं गेला. त्याच्या बायकोनं, रखमानं, कुणाकडून तरी चिठ्ठी लिहवून पाठवली. 'भाऊ, तुम्ही आमच्यासाठी उभे राहिलात.' मी तर बसलो होतो. चिठ्ठी वाचून मी ताट बाजूला सारलं.

कॅम्पातले लोक मला बोलावून नेतात. तळलेला मासा पुढ्यात ठेवतात, खोक्यावर चादर टाकून बसवतात आणि नव्या माणसाला सांगतात, "ह्येच त्ये." माझ्या खोलीत उस्मान राहतो, दापोलीचा, त्याच कंत्राटदाराचा ड्रायव्हर. तो दाराशी उभा राहून सगळं ऐकतो आणि माझं लक्ष गेलं की बाहेर निघून जातो.

एक काम होतं. आपल्याकडचा हाडवैद्य लाल बाटलीतलं तेल देतो ना, ते कुणी इकडे येणारा असेल तर त्याच्याबरोबर पाठवा. माझ्या एका मित्राला हवंय. त्याचा गुडघा धरतो.

शिवदास


मनामा, ७ सप्टेंबर १९७९

आबा,

तेलाची बाटली पोचली. पत्र नव्हतं. बुचाला मेण लावलेलं होतं आणि वर तुमच्या जुन्या खाकी शर्टाचं फडकं सुतळीनं आवळलेलं होतं. ती गाठ बघितली आणि समजलो, ही तुम्हीच बांधली. म्हणजे कुठला मित्र आणि कुणाचा गुडघा, हे तुम्ही ओळखलंत.

आणि काल मालूचं पत्र आलं. पंधरा ऑगस्टचं.

शाळेचा झेंडा तुमच्या हातून गेला, हे तुम्ही मला कळवलं नाहीत. सव्वीस जानेवारीच्या आदल्या रात्री कंदिलाशी बसून झेंडूच्या पाकळ्या घालून झेंड्याची घडी करणारे तुम्ही, आणि दोरी ओढली की पाकळ्या पोरांच्या डोक्यावर पडायच्या. ती ओढली की सुटणारी गाठ गावात दुसऱ्या कुणाला येत नाही. सरपंच म्हणाला, "रावजीबुवा, तुमच्याबद्दल काही नाही, पण लोक बोलत्यात." आणि दोरी ग्रामसेवकाच्या हातात दिली. ती अर्ध्यात अडकली. पोरं हसली. तरी तुम्हाला कुणी आत बोलावलं नाही. मालू लिहिते, तुम्ही कुंपणाबाहेर बोरीपाशी टोपी घालून सावधान उभे होतात, आणि कुणीतरी खांबावर चढून गाठ सोडवेपर्यंत तुम्ही सलामीचा हात खाली सोडला नाहीत.

हे वाचल्यावर खोटं पुढं रेटायला माझ्यात बळ उरलं नाही. आता खरं लिहितो.

मी विठ्ठलसाठी बसलो नव्हतो. त्या क्षणी विठ्ठल माझ्या मनातसुद्धा नव्हता. सामन्याआधी उड्या मारताना माझा उजवा गुडघा अडकला. दाराला आतून कडी बसावी तसा बसतो तो, वाकलेला सरळ होत नाही. दोन वर्षं होतंय. मी बाकावर बसून, वर टॉवेल टाकून, हळूहळू तो सोडवत होतो आणि तेवढ्यात रेकॉर्ड लागली.

इथवर कुणी मला दोष देणार नाही. पुढचं ऐका. मला उभं राहता आलं असतं. शेजारी आमच्या टीमचा पोरगा होता, त्याच्या खांद्यावर हात टाकून मी एका पायावर उभा राहिलो असतो. पण समोर सामना बघायला आलेला ताहिर होता. करार महिन्यावर आला होता. लंगडा घोडा कोण पोसतो? मी उठायला गेलो, कळ आली, ताहिरनं माझ्याकडे बघितलं, आणि मी परत बसलो. नुसता बसलो नाही, आबा. छाती पुढं काढली, हात बांधले आणि त्या कंत्राटदाराकडे रोखून बघितलं. मला बसायचंच होतं असं वाटावं म्हणून. ती युक्ती मला तिथल्या तिथे सुचली, आणि सुचल्याचा आनंदही झाला. त्या आनंदाची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

तुम्ही पासष्ट सालच्या लढाईतून कुबडी घेऊन आलात आणि त्या कुबडीवर टेकून झेंडा चढवलात. मी तेव्हा कॉलेजात होतो. खडकीला माझा सामना बघायला एकदाच आलात आणि एवढंच विचारलंत, "पुरी चड्डी देत न्हाईत का रं तुमाला?" मी मित्रांपुढं लाजलो होतो. आता कशाकशाची लाज वाटून घेऊ?

आता जे मागणार आहे ते मागायला जीभ रेटत नाही. गावाला हे सांगितलंत तर झेंडा तुमच्याकडे परत येईल. पण तो सुतार लगेच इकडे लिहील, आठ दिवसांत ताहिरच्या कानावर जाईल, आणि माझा करार फेब्रुवारीपर्यंत आहे. तेवढं थांबा. फेब्रुवारीनंतर सगळ्या गावाला सांगा, चावडीवर वाचून दाखवा. बाप कुंपणाबाहेर उभा आहे हे ठाऊक असून त्याला 'अजून थोडे दिवस उभे राहा' म्हणणारा मुलगा तुमच्या पोटी आला. याला काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा.

शिवदास


मनामा, १५ फेब्रुवारी १९८०

आबा,

तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत. मालू लिहिते, या सव्वीस जानेवारीलाही तुम्ही बोरीपाशीच होतात. मी मागितलं आणि तुम्ही दिलंत. उत्तर मात्र नाही.

इथं कपाचा सामना यंदा पंचवीसला झाला, शुक्रवारची सुट्टी म्हणून. क्लबानं मला परत घेतलं होतं, कारण मी नसलो की टीम हरते. पाहुणा पुन्हा तोच. उन्हाळाभर सनाबिसच्या कॅम्पात खारट पाणी येत होतं, पासपोर्ट त्याच्या कपाटात होते आणि आईच्या दिवसकार्यालाही कुणाला लीव्ह मिळाली नव्हती. लोकांनी ठरवलं, राष्ट्रगीत लागलं की सगळ्यांनी बसून राहायचं. मागच्या वेळी एक माणूस बसला तर विठ्ठल घरी गेला, सगळे बसले तर पाणी तरी गोडं येईल.

मला सांगायला उस्मान आला. "लोक म्हणतात, तुम्ही पुढं, आम्ही मागं."

मी म्हणालो, "इंशाल्ला."

इथं राहून हे शिकलो. इंशाल्ला म्हटलं की हो नाही आणि नाहीही नाही. उस्मान तेवढं उत्तर घेऊन कॅम्पाकडे गेला.

मी मात्र मनाशी ठरवलं होतं. या वेळी उभं राहायचं. तुम्ही बोरीपाशी उभे आहात तर मी इथं उभा राहीन. मग दुखू दे, ताहिर बघू दे. मला वाटलं, हेच माझं प्रायश्चित्त. तुमच्या तेलानं गुडघा त्या दिवशी बरा होता, हेही खरं.

रेकॉर्ड लागली. कठड्यामागे जमिनीवर सगळा कॅम्प बसला होता आणि सगळे माझ्याकडे बघत होते. मी उभा राहिलो. ताठ, तुमच्यासारखा.

पहिल्या ओळीला काही झालं नाही. मग मागं चुळबुळ सुरू झाली. ज्यांनी मला बघूनच हिंमत केली होती, ते एकेक करून उठायला लागले. कुणी अर्धवट, कुणी खाली मान घालून. गीत संपेपर्यंत अगदी थोडे बसलेले उरले आणि ते लांबूनही ओळखू आले. कंत्राटदाराच्या मुनशीनं ते ओळखले. सगळे बसले असते तर कुणाकुणाला काढणार होता तो? थोडे राहिले, म्हणून सोपं झालं. त्यांत उस्मान होता.

सामना आम्ही जिंकलो. कंत्राटदारानं कप माझ्या हातात दिला, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि लाउडस्पीकरवर म्हणाला, "माणूस चुकतो, पण सुधारतो. ह्याला म्हणतात देशभक्ती." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात सोडवून घेतला नाही. खेळाडूला हात मिळवायची सवय असते.

आठवड्याच्या आत बसलेल्यांचे व्हिसे कॅन्सल झाले. उस्मान खोलीवर सामान बांधायला आला. मी त्याला सगळं सांगायला लागलो, तुमचं, शाळेचं, झेंड्याचं. त्यानं ऐकून घेतलं. बाटली आल्यापासून रोज माझ्या गुडघ्याला तेल चोळणारा माणूस तो. त्याला पहिल्या दिवसापासून सगळं ठाऊक होतं आणि त्यानं कॅम्पात एका शब्दानं सांगितलं नव्हतं. ट्रंकेला कुलूप घालून त्यानं माझ्या पायाकडे बघितलं.

"पाय बरा झालेला दिसतो तुमचा," म्हणाला.

एवढंच. तेलाची बाटली माझ्या उशाशी ठेवली आणि गेला.

बसायचं होतं तेव्हा उभा राहिलो, उभं राहायचं होतं तेव्हा बसलो. दोन्ही वेळा मी माझ्यापुरतंच बघितलं. पहिल्यांदा पोटासाठी आणि दुसऱ्यांदा, तुमचं नाव पुढं करून, माझ्या मनाच्या शांतीसाठी. तुम्हाला तरी हे चाललं असतं का? मला नाही वाटत.

करार पुन्हा झाला.

शिवदास


मनामा, १० जुलै १९८१

आबांना दंडवत.

खेळ संपला. मार्चमध्ये दोह्याला उडी मारून खाली आलो तो उठलोच नाही. इथल्या इस्पितळात ऑपरेशन झालं. पाय वाचला, पण गुडघा आता वाकत नाही. ताहिरनं मला कंपनीच्या स्टोअरमध्ये ठेवलं आहे. त्याला मी सगळं खरं सांगितलं. तो म्हणाला, "मालूम था." दोन वर्षं ठाऊक होतं त्याला! "तुम अच्छा खेलता था, यल्ला, खेलने दिया." म्हणजे ज्याच्यापासून लपवायला मी एवढं सगळं केलं, त्याच्यापासून काहीच लपलं नव्हतं. हे ऐकून मी स्टोअरच्या मागं जाऊन बसलो. बसलो म्हणजे पाय लांब करून, भिंतीला टेकून.

आता लपवण्यासारखं काही उरलं नाही. या पाकिटात दुसरा कागद आहे, तो सरपंचाला द्या. त्यात मी सगळं लिहिलं आहे. गुडघा, करार, भीती, सगळं. तुमच्या मुलानं झेंड्याचा अपमान केला नाही, त्याचा पाय अडकला होता आणि तो घाबरला, एवढं गावाला कळलं की पंधरा ऑगस्टची दोरी तुमच्या हातात येईल. पाकळ्या आणि घडी मालूला करायला सांगू नका, तिला ती गाठ येत नाही.

हे मी दीड वर्षापूर्वीच करायला हवं होतं. फेब्रुवारीनंतर सांगा, असं मीच लिहिलं होतं आणि करार पुन्हा झाल्यावर गप्प बसलो. तुम्हीही आठवण केली नाहीत.

शिवदास


मनामा, १८ सप्टेंबर १९८१

आबा,

तुमचं पत्र आलं. अडीच वर्षांतलं पहिलं. स्टोअरमध्ये उभ्यानं वाचलं आणि मग परत परत वाचलं. तुमच्याच ओळी तुम्हाला लिहून दाखवतो, म्हणजे मी त्या नीट वाचल्या हे तुम्हाला कळेल.

'चिरंजीव शिवदास यास आशीर्वाद. सरपंचासाठीचा कागद मी चुलीत घातला. गाव म्हणतं, रावजीचा पोरगा बसला. बसला म्हणतात, भ्याला म्हणत नाहीत. तेवढं राहू दे. झेंडा कुणीही ओढील. पायाला शेक दे.'

मी आजवर समजत होतो की माझ्या चुकीची शिक्षा गाव तुम्हाला देतंय आणि तुम्ही ती मुकाट सोसताय. माझ्या करारासाठी तुम्ही गप्प आहात, असंही समजत होतो. तसं नव्हतं. एक वाक्य बोलला असतात तर तुम्ही आत गेला असतात आणि मी भित्रा ठरलो असतो. म्हणून तुम्ही बाहेर राहिलात. बंडखोराचा बाप म्हणून कुंपणाबाहेर उभं राहणं तुम्हाला परवडलं, भित्र्याचा बाप म्हणून झेंडा चढवणं परवडलं नाही.

आबा, पण मी भ्यालो होतो. हे तुम्हाला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, ताहिरला ठाऊक आहे आणि दापोलीला एका माणसाला ठाऊक आहे. तुम्ही पांघरूण घातलंत, पण त्याखाली मला झोप लागत नाही.

तुमचा शब्द मोडत नाही. गावाला काही सांगणार नाही. पण स्टोअरचा राजीनामा दिला आहे आणि डिसेंबरात निघतो आहे. आधी दापोलीला उस्मानकडे जाईन. तो दार उघडील की नाही, सांगता येत नाही. नाही उघडलं तर ओट्यावर थांबेन. मग आपल्याकडे येईन. पंगतीत मांडी घालून बसता येणार नाही मला, मालूला सांगून ठेवा, एक स्टूल लागेल.

सव्वीस जानेवारीला मी गावात असेन. सरपंच मला आत बोलावणार नाही आणि तुम्हाला बोलावलं तरी तुम्ही जाणार नाही, हे आता कळलं. या पायानं मला उभं राहण्यावाचून इलाज नाही, ते सोडा. पण कुणाशेजारी उभं राहायचं, ते या वेळी मी ठरवून करतो आहे. गीत लागेल तेव्हा मी कुणाकडे बघणार नाही, आणि माझ्याकडे कोण बघतंय तेही बघणार नाही.

बोरीपाशी, तुमच्या डाव्या हाताला, माझ्यापुरती जागा ठेवा.

शिवदास